ऑफिसचा मेल क्लाउडवर नेण्याआधी चाव्या कुणाकडे आहेत ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीत शीटमेटल पार्ट्सचा कारखाना, ऑफिसमध्ये चौदा जण. कंपनीच्या नावाचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव) आहे, मेल वेबसाइटच्या होस्टिंगवरच, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवरच, चालतो. सगळ्यांकडे आउटलुक, काही संगणकांवर ऑफिस २०१०, काहींवर २०१६. गेल्या महिन्यात अकाउंट्सच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर सहा वर्षांचे मेल गेले. आता गुगल घ्यावं, मायक्रोसॉफ्ट घ्यावं की झोहो, किती दिवस लागतील, जुने मेल सोबत येतील का, आणि वडिलांच्या काळातली मराठी पत्रं नव्या ठिकाणी उघडतील का?

मेल हलवा, यात शंका नाही. ऑफिस २०१० ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर २०२० मध्येच थांबलं, आणि ऑफिस २०१६ व विंडोज १० यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आहे तिथे राहणं हीसुद्धा आता जोखीमच आहे. वेळ दीड-दोन महिने धरा. प्रत्यक्ष मेल वळवायचं काम एका संध्याकाळचं, पण त्याआधीची तयारी महिन्याभराची असते. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव भागातल्या छोट्या कारखान्यांची ही कामं मी अठरा वर्षं करतोय. जिथे घोळ झाला तिथे तो जवळजवळ प्रत्येक वेळी तयारी गाळल्यामुळेच झाला. कुठल्या कंपनीची सेवा घेतली याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

आधी त्या गेलेल्या डिस्कबद्दल, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. टिकटिक आवाज येत असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर नुकसान वाढतं. ती काढून पाकिटात ठेवा आणि डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याला दाखवा. दुसरं, होस्टिंगच्या वेबमेलवर (ब्राउझरमधून मेल बघायच्या पानावर) त्या खात्याचा पासवर्ड टाकून आत काय आहे ते आजच बघा. आउटलुकमध्ये पॉप (मेल सर्व्हरवरून संगणकात उतरवून घेणाऱ्या) पद्धतीचं खातं जोडलं की ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय असतो, आणि बहुतेक वेळा तो १४ दिवसांनी प्रत पुसायला सांगितलेला असतो. पण कुणी कधी ती १४ दिवसांची खूण काढली असेल, तर वर्षानुवर्षांचे मेल तिथेच पडलेले सापडतात. मला दोन ठिकाणी असे सापडलेत. पाठवलेले मेल मात्र पॉपमध्ये सर्व्हरवर नसतात. ते ग्राहकाकडून किंवा सप्लायरकडून मागून घ्यावे लागतील.

आता मुख्य काम. कुठली सेवा घ्यायची हे ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि वर लिहा: डोमेन कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न मी पहिला का विचारतो ते सांगतो. चाकणचे एक ग्राहक होते, वीस-बावीस जणांचं ऑफिस. सेवा निवडली, पैसे भरले, लोकांना तारीख सांगितली. मग डोमेनच्या सेटिंगमध्ये जायची वेळ आली तेव्हा कळलं की ते डोमेन दहा वर्षांपूर्वी ज्या मुलाने वेबसाइट करून दिली त्याच्या खाजगी मेल आयडीवर घेतलेलं आहे. मुलगा प्रामाणिक होता, दरवर्षी आठवणीने पैसे भरून बिल पाठवायचा. पण तो आता परदेशात नोकरीला, त्याचा जुना फोन नंबर बंद, आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीचा ओटीपी जायचा त्याच नंबरवर. मालकांनी ज्या नावाने पंधरा वर्षं माल विकला, बिलबुकावर, गेटच्या पाटीवर, ट्रकवर जे नाव रंगवलं, त्या नावाची इंटरनेटवरची किल्ली त्यांच्याकडे नव्हतीच. तीन आठवडे कागदपत्रं पाठवण्यात गेले. मुलगा सापडला आणि त्याने मदत केली म्हणून सुटलो.

तेव्हा डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, आहे, त्या खात्याचा लॉगिन मेल कुठला, मोबाइल कुठला, मुदत कधी संपते, हे चार मुद्दे लिहून काढा. खातं कंपनीच्या नावावर आणि मालकाच्या मोबाइलवर आणा. लॉगिनसाठी मात्र त्याच डोमेनचा मेल देऊ नका. डोमेन बंद पडलं तर तो मेलही बंद पडेल आणि पासवर्ड परत मिळवायचा रस्ताच राहणार नाही. यासाठी वेगळं साधं जीमेल खातं काढा, पासवर्ड लिहून पाकिटात सील करून तिजोरीत ठेवा. डीएनएस, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे आहेत ते जगाला सांगणाऱ्या नोंदी, कुठून चालतं तेही बघा. डोमेन एकाकडे, डीएनएस होस्टिंगवाल्याकडे आणि वेबसाइट तिसऱ्याकडे, असं पुष्कळदा असतं.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरी यादी करा: जीएसटी पोर्टल, बँक, पीएफ, उद्यम नोंदणी, वीजबिल, एमआयडीसीचं पोर्टल, ग्राहकांची व्हेंडर पोर्टल्स. प्रत्येक ठिकाणी कुठला मेल नोंदवलाय? सोडून गेलेल्या अकाउंटंटचं खाजगी खातं किंवा सीएंच्या ऑफिसचा आयडी यातल्या दोन-तीन ठिकाणी तरी निघतोच. मेल हलवताना हे दुरुस्त करून घ्या, नंतर होत नाही.

मग मेल नेमका कुठे आहे ते शोधायचं. प्रत्येक संगणकावर आउटलुक उघडून ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये खात्याचा प्रकार बघा. ‘आयमॅप’ लिहिलं असेल तर मेल सर्व्हरवर आहे, काळजी नाही. ‘पॉप’ लिहिलं असेल तर मेल त्या संगणकातल्या पीएसटी नावाच्या एका फाइलमध्ये आहे, आणि तो संगणक म्हणजेच तुमचं दप्तर. त्या फाइलचा आकार लिहून घ्या. आउटलुक २००३ आणि २००७ मध्ये तिची मर्यादा २० जीबी होती, २०१० पासून ५० जीबी झाली. मर्यादेच्या जवळ गेलेली फाइल उघडायला वेळ घेते, मध्येच अडकते आणि एके दिवशी उघडतच नाही. आता जे संगणक धडधाकट आहेत त्यांच्या पीएसटी फाइल आजच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आउटलुक बंद करून, नाहीतर कॉपी अर्धवट होते. सेवा कुठलीही घ्या, महिनाभर उशीर करा, पण ही कॉपी आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत करा.

या पीएसटी नव्या ठिकाणी चढवता येतात. सर्व्हरवरचे मेल आयमॅपने थेट तिकडे ओढून घेता येतात; त्यासाठी गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांकडे त्यांची स्वतःची सोय आहे. फक्त आयमॅपने नुसते मेल येतात, पत्ते आणि कॅलेंडर येत नाहीत. ते वेगळे काढून घालावे लागतात. गुगल घेतलंत तर पीएसटीसाठी गुगलचं आउटलुकमधून मेल चढवणारं मोफत साधन आहे, तेच वापरा. काही जण आउटलुकमध्ये जुनं आणि नवं खातं शेजारी जोडून माउसने फोल्डर ओढतात. जीमेलमध्ये आयमॅपने असं चढवायला दिवसाला साधारण ५०० एमबीची मर्यादा आहे. तीस जीबीची फाइल असेल तर गणित तुम्हीच करा. मध्येच थांबलं की कुठवर आलं होतं ते कळत नाही आणि मेल दुबार होतात. आणि खरं सांगू का, सगळंच चढवायची गरज नसते. गेल्या तीन वर्षांचं आणि मुख्य ग्राहकांचं सगळं चढवा. बाकी पीएसटी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक ऑफिसात आणि एक घरी.

आता कुठली सेवा. तिन्ही चांगल्या आहेत आणि तुमच्या आकाराच्या ऑफिसला तिन्ही पुरतील. मी निवड एकाच गोष्टीवरून करतो: ऑफिसचा जीव कुठल्या फाइलमध्ये आहे? शीटमेटलवाल्यांकडे बहुधा एक मोठी एक्सेल असते, त्यात शेड्यूल, कोटेशन, वजनावरून भाव काढायचं गणित, आणि एखादं बटण दाबलं की चलन तयार होतं. त्या फाइलच्या नावाशेवटी ‘एक्सएलएसएम’ असेल तर तिच्यात मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आहेत. ते मॅक्रो गुगल शीट्समध्ये चालत नाहीत, झोहोच्या शीटमध्येही जसेच्या तसे चालतील असं धरू नका. एवढंच काय, मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही ते चालत नाहीत; संगणकावर बसवलेलं एक्सेलच लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस बेसिकमध्ये ते नसतं, बिझनेस स्टँडर्डमध्ये असतं, एका व्यक्तीला पाच संगणकांपर्यंत. तुमच्याकडे चौघे-पाच जण एक्सेलमध्ये दिवसभर असतील तर त्यांना स्टँडर्ड आणि बाकीच्यांना बेसिक, असं मिश्रण करता येतं. तुमची माहिती वाचून माझा कल याच बाजूला आहे.

तुमच्याकडे मॅक्रो नसतील, मुलं फोनवर जीमेल वापरून सरावलेली असतील आणि एकाच शीटमध्ये स्टोअर, डिस्पॅच आणि तुम्ही एकाच वेळी आकडे भरता असं हवं असेल, तर गुगल वर्कस्पेस. शिकवायला सर्वांत कमी वेळ त्यालाच लागतो. खर्चाचा ताण असेल आणि मुख्य गरज मेलचीच असेल तर झोहो. चेन्नईची कंपनी आहे, भारतात डेटा सेंटर आहेत, आणि मेलचं काम ती नीट करते.

पैसे मोजताना एक चूक टाळा. चौदा माणसं म्हणजे चौदा खाती नव्हेत. सेल्स, परचेस, अकाउंट्स, इन्फो हे पत्ते माणसं नाहीत. गुगलमध्ये असा पत्ता ग्रुप म्हणून किंवा कुणाच्या तरी खात्याचं दुसरं नाव म्हणून विनाखर्च काढता येतो. एका खात्याला अशी तीस नावं चालतात. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत वेगळ्या परवान्याशिवाय मिळतो. तुमच्याकडे खरी गरज नऊ-दहा खात्यांची निघेल. पण उलट टोकाची काटकसर करू नका: तिघांनी मिळून एकच लॉगिन वापरायचं असं ठेवू नका. मेल कुणी पाठवला, कुणी पुसला ते कधीच कळत नाही, आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीही मागणारी) लावली की ओटीपीसाठी एकमेकांना फोन सुरू होतात. वर्षाचा करार केला तर भाव कमी पडतो, पण मुदतीत खाती वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. म्हणून सुरुवात कमी खात्यांनी करा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर घ्या म्हणजे क्रेडिट मिळेल. मालकाच्या खाजगी कार्डावर, नंबर न टाकता घेतलेली बिलं मी खूप बघितलीत.

खातं उघडताना सर्वांत वरच्या अधिकाराचे, म्हणजे ॲडमिनचे, दोन आयडी ठेवा. एक तुमचा, एक घरातल्या किंवा भागीदारीतल्या दुसऱ्या विश्वासू माणसाचा. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला काम करायला अधिकार द्या आणि काम संपल्यावर काढून घ्या. हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो आणि शेवटच्या दिवशी समोर बसून माझा अधिकार काढायला लावतो.

वळवायचा दिवस. भोसरीला गुरुवार सुट्टीचा, म्हणून बुधवारची संध्याकाळ. पण कुठलाही बुधवार नको. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ विवरणपत्राची गडबड, २० पर्यंत जीएसटीआर-३बी ची, आणि महिन्याची शेवटची तारीख म्हणजे डिस्पॅचची धावपळ. २१ ते २६ च्या मधला बुधवार आला तर तो पकडा, नाहीतर पुढच्या महिन्यात करा.

त्या संध्याकाळी काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. डीएनएसमध्ये एमएक्स नावाची नोंद असते. ती जगाला सांगते की या डोमेनचं टपाल कुठल्या दारात टाकायचं. ती बदलली की नवं टपाल नव्या दारात येऊ लागतं. पण जुना पत्ता लोकांच्या सर्व्हरने थोडा वेळ लक्षात ठेवलेला असतो; किती वेळ, ते टीटीएल नावाच्या आकड्यावर ठरतं. म्हणून दोन दिवस आधीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणून ठेवा. बुधवारी सात वाजता एमएक्स बदला, आणि पुढचे दोन-तीन दिवस जुन्या वेबमेलमध्येही डोकावत राहा. एखाद-दुसरा मेल तिकडे पडलेला असतोच. गुरुवारी शांतपणे सगळे फोन आणि संगणक जोडून घ्या.

एमएक्सने येणाऱ्या मेलचा प्रश्न सुटतो. जाणाऱ्या मेलसाठी आणखी तीन नोंदी लागतात आणि इथेच अर्धवट कामं जास्त होतात. एसपीएफ सांगतं की आमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं. डीकेआयएम प्रत्येक मेलवर न दिसणारी सही करतं. आणि डीमार्क समोरच्याला सांगतं की या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना या तिन्हींची सक्ती केली. तुम्ही तेवढे मेल पाठवत नाही, पण हे नसेल तर तुमचं कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. जुनी तशीच ठेवून दुसरी घातली तर दोन्ही निकामी होतात. डीकेआयएम आपोआप चालू होत नाही, ॲडमिनमध्ये जाऊन चालू करावं लागतं. डीमार्क सुरुवातीला ‘फक्त अहवाल पाठवा’ यावर ठेवा, महिन्याने कडक करा.

महिनाभर का थांबायचं? कारण ऑफिसमधून मेल फक्त माणसंच पाठवत नाहीत, यंत्रंही पाठवतात; त्यातलं एखादं नजरेतून सुटलं तर त्याचे मेल अडतात. एका ठिकाणी शुक्रवारी सकाळी सगळं सुरळीत, सगळे खूश, आणि अकरा वाजता क्वालिटीच्या बाई वर आल्या: स्कॅन केलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट जात नाही. झेरॉक्स मशीनमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड सहा वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेला. ग्राहकाचा ट्रक गेटवर उभा, रिपोर्ट मेलवर आल्याशिवाय माल घेणार नाही म्हणतो. त्या दिवशी फोनवर फोटो काढून पाठवला आणि वेळ निभावली. तेव्हापासून मी आधी संपूर्ण ऑफिस फिरून यादी करतो: स्कॅनर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, टॅलीमधून जाणारी बिलं, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. नव्या सेवा नुसता पासवर्ड टाकून जोडणाऱ्या जुन्या यंत्रांना सहज आत घेत नाहीत. काहींना ॲप पासवर्ड (त्या यंत्रापुरता काढलेला वेगळा पासवर्ड) लागतो, काहींसाठी रिले (यंत्राचा मेल घेऊन पुढे पाठवणारी सोय) लावावा लागतो. जुन्या स्कॅनरला काहीच जमलं नाही तर मेलचा नाद सोडून स्कॅन सरळ एका फोल्डरमध्ये टाकायला लावा.

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त तक्रार कशाची येते माहीत आहे? पत्त्यांची. आउटलुकमध्ये ‘टू’च्या जागी दोन अक्षरं टाकली की पूर्ण पत्ता आपोआप येतो. लोकांना वाटतं ती पत्त्यांची वही आहे. ती वही नसते, आउटलुकने लक्षात ठेवलेली यादी असते आणि ती मेलबरोबर येत नाही. तुमच्या डिस्पॅचच्या माणसाने दहा वर्षांत शंभर पत्ते असे बोटांवर बसवलेले असतात, आणि सोमवारी त्याला एकही पत्ता आठवत नाही. त्याला काम येत नाही असं नाही, त्याच्या हातातलं हत्यार आपण काढून घेतलेलं असतं. म्हणून आधीच ‘सेंट’ फोल्डरमधले पत्ते काढून कॉन्टॅक्टमध्ये घालून द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण यावरच लोक नव्या गोष्टीला हो म्हणणार की नाही ते ठरतं. शिकवताना वयाने मोठ्या माणसांपासून सुरुवात करा, एकेकट्याला, त्याच्या स्वतःच्या जागेवर बसून, त्याच्याच आजच्या कामावर. सगळ्यांना कॉन्फरन्समध्ये बसवून पडद्यावर दाखवलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

फाइलींना घाई करू नका. मेल स्थिरावल्यावर महिन्याने हात घाला. सर्व्हरवरचं अख्खं ‘डी’ ड्राइव्ह उचलून क्लाउडवर टाकलं तर तिथला पसारा इथे येतो, एवढंच. चालू वर्षाच्या फाइलींपासून सुरू करा. आणि त्या कुणा व्यक्तीच्या ड्राइव्हमध्ये ठेवू नका. गुगलमध्ये शेअर्ड ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंट, अशी कंपनीच्या मालकीची जागा असते, तिथेच ठेवा. शेअर्ड ड्राइव्ह तुम्ही घेताय त्या प्लॅनमध्ये आहे का ते आधी विचारून घ्या. नाहीतर माणूस सोडून गेला, त्याचं खातं काढलं, की त्याच्या नावावरची ड्रॉइंग त्याच्याबरोबर जातात. गुगलमध्ये काढून टाकलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत. त्यानंतर काही करता येत नाही.

टॅलीचा डेटा मात्र गुगल ड्राइव्हच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. टॅली एकाच वेळी अनेक फाइली उघड्या ठेवून लिहीत असतं. मध्येच त्यातली एखादी जुनी प्रत वर-खाली झाली की डेटा बिघडतो. टॅली जिथे आहे तिथेच राहू द्या, रोजचा बॅकअप काढा, आणि ती बंद बॅकअप फाइल क्लाउडवर टाका. तुमची संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हे ऐच्छिक नाही. कंपनीज अकाउंट्स रूल्समध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर दररोज ठेवावा लागतो. जागा कुठली घ्यायची ते सीएंना विचारून ठरवा.

क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. कुणी फोल्डर पुसलं तर तेही सगळीकडून पुसलं जातं, आणि जीमेलचं ट्रॅश ३० दिवसांनी रिकामं होतं. सहा वर्षांचे मेल एकदा गमावलेत, म्हणून सांगतो: मेल आणि फाइलींचा तिसऱ्याच ठिकाणी बॅकअप घेणारी सेवा लावा, आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातून एखादी जुनी फाइल खरोखर परत काढून बघा.

दोन टप्प्यांची पडताळणी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना, मालकांनाही. मालकच बहुधा ‘मला नको’ म्हणतात, आणि सर्वांत मोठी लूट त्यांच्याच खात्यावर होते. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसमध्ये कॉइलच्या सप्लायरचा मेल आला: बँक बदलली आहे, पुढचे पैसे नव्या खात्यावर पाठवा. जुन्या मेललाच दिलेलं उत्तर होतं, खाली सगळा आधीचा पत्रव्यवहार, सही तीच. फक्त पत्त्यातल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरं शेजारी शेजारी होती. छोट्या अक्षरांत ती ‘एम’सारखीच दिसतात. पैसे गेले. नंतर खातं तपासलं तेव्हा अकाउंटंटच्या मेलमध्ये कुणीतरी न दिसणारा नियम लावून ठेवला होता. ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेर फॉरवर्ड होत होता. म्हणून तुमच्याकडे बाहेर आपोआप फॉरवर्ड करणं ॲडमिनमधून बंद ठेवा. आणि बँक खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. असं काही घडलंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

तुमच्या वडिलांची पत्रं. ती श्रीलिपीत टाइप केलेली असणार, किंवा सीडॅकच्या आयएसएममध्ये; ही मराठी टाइप करायची जुनी सॉफ्टवेअर. त्या काळात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच होती, फॉन्ट त्यांना मराठी दाखवायचा. ब्राउझरमधल्या डॉक्समध्ये किंवा वर्डमध्ये तो फॉन्ट नसतो, म्हणून पत्र उघडलं की कंस, डॉलर आणि उलटसुलट अक्षरं दिसतात. पत्र खराब झालेलं नसतं. ज्या जुन्या संगणकावर ती आज नीट दिसतात, तो संगणक काढायच्या आधी तिथेच प्रत्येक पत्र उघडून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, ती कुठेही तशीच दिसतात. मूळ फाइलीही जपा. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलायचे ते फक्त आजही वापरता ते नमुने: कामगारांच्या सूचना, ग्रामपंचायतीला द्यायचे अर्ज, नेमणूकपत्रं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात.

शेवटचं, होस्टिंग. सगळं नव्या जागी चालू झालं की पहिला विचार येतो तो जुन्या होस्टिंगचे पैसे वाचवायचा. तुमची वेबसाइट तिथेच आहे हे विसरू नका, आणि डीएनएसही तिथूनच चालत असेल तर ते बंद केल्याक्षणी नवा मेलही बंद पडेल. आधी डीएनएस रजिस्ट्रारकडे हलवा, सगळ्या नोंदी एकेक ताडून बघा, जुन्या मेलबॉक्सची शेवटची प्रत काढा, आणि किमान तीन महिने ते होस्टिंग तसंच चालू ठेवा. विझिटिंग कार्डावर कुणाचा साधा जीमेलचा पत्ता छापलेला असेल तर तोही वर्षभर नव्या खात्याकडे फॉरवर्ड करून ठेवा. डोमेनच्या लॉगिनचे ते चार मुद्दे मिळाले की मला कळवा, म्हणजे तारीख ठरवता येईल.